कोल्हापुरी चप्पल घ्यायला कुठं जायचं: बोळातलं एक दुकान आणि तिथं मिळणारा मान

कोल्हापुरात आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन, मग तांबडा-पांढरा आणि मग चप्पल ह्याच क्रमानं फिरतो आणि चप्पल लाईनीत गेला की हमखास गोंधळतो, कारण बाहेरून सगळी दुकानं एकसारखी, दारात टांगलेल्या जोड्या आणि प्रत्येकजण 'या की ताई, बघायला पैसे न्हाईत' म्हणून बोलवतोय. बाहेरगावच्या मैत्रिणी मला सारखं विचारतात की कुठून घेऊ, कुठं फसवत नाहीत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. पाच पैकी पाच स्टार. त्यातले दोन चप्पलेला आणि तीन वागणुकीला, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितेय.

दुकानाचं नाव देत नाही कारण मालक काकांना विचारलं तर ते म्हणाले 'चप्पलेबद्दल लिहा, आमचं नाव कशाला'. खूण सांगते. मेन लाईनीतून आत जाणाऱ्या अरुंद बोळात आहे, दोन पायऱ्या चढायच्या, निळ्या फळ्यांचं दार, आत जेमतेम सहा माणसं मावतील एवढी जागा. काऊंटरला काकू असतात, गिऱ्हाईक काका बघतात आणि दाराशी उजेडात एक वयस्कर कारागीर मामा रापी आणि आरी घेऊन बसलेले असतात. काका-काकू ख्रिस्ती आहेत, भिंतीवर बायबलमधल्या वचनाचं कॅलेंडर आहे त्यावरून मला कळलं, आम्ही पण ख्रिस्तीच पण त्यांची मंडळी (म्हणजे चर्च) वेगळी आमची वेगळी, त्यामुळं ओळखीचं आहे म्हणून कौतुक करतेय असं काही नाही.

आधी चप्पलेचं सांगते. तळ म्हशीच्या कातड्याचा, जाड, वेणी शेळीच्या कातड्याची, मऊ. कातडं केमिकलवर नाही तर बाभळीची साल आणि हिरडा वापरून जुन्या पद्धतीनं कमावलेलं, त्यामुळं नव्या जोडीला एक उग्र वास असतो आणि रंग मधासारखा असतो, चकचकीत नसतो. खऱ्या चपलेत खिळा नसतो, कातड्याच्याच वादीनं शिवलेली असते. लाईनीत हल्ली काही ठिकाणी तळाच्या मधल्या थरात पुठ्ठा घालतात, वरून कळत नाही, पहिल्या पावसात कळतं. काका स्वतःहून एक जुनी कापलेली चप्पल दाखवतात, तिचे थर मोजून दाखवतात, आणि म्हणतात कुठंही घ्या पण हे बघून घ्या. मी माझ्यासाठी कापशी प्रकारची अंगठ्याची जोडी घेतली, सोळाशेला पडली. लाईनीत तशी दिसणारी तेराशेलाही मिळते, पण दिसणारी.

कापशी सुरुवातीला चावते. हे सगळ्यांना माहीत असतं तरी दुकानदार सहसा बोलत नाहीत, 'एकदम मऊ आहे ताई' म्हणतात. काकांनी सरळ सांगितलं की पहिला आठवडा घरातच अर्धा-अर्धा तास घाला, अंगठ्याच्या आतून खोबरेल तेल लावा, आणि भिजली तर उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा. वेणी उसवली किंवा कान (बाजूची कातड्याची पट्टी) सुटला तर कधीही आणा, फुकट शिवून देतो. दिलं पण. माझ्या जावेचा कान सुटला होता, दुसऱ्या दुकानातून घेतलेली जोडी होती, तरी मामांनी दोन टाके घालून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

आता ज्याला मी तीन स्टार दिलेत ते. तुम्ही दुकानात शिरलात की काका उठून उभे राहतात. प्रत्येकासाठी. दुकान छोटं, माणसं सारखी आत-बाहेर, गुडघे त्यांचे काही तरुण नाहीत, तरी उठतात, 'या, बसा' म्हणतात आणि मग स्वतः खाली जमिनीवर बसतात कारण गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं आणि मापाला पाय खालूनच दिसतो. पुठ्ठ्यावर पाय ठेवायला लावतात आणि पेन्सिलीनं बाजूनं रेघ मारतात. दोन्ही पायांची. दोन्ही पाय सारखे नसतात हे मला तिथंच कळलं, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो.

एका शनिवारी दुपारी मी काकूंशी बोलत बसले होते. एक जाडजूड गृहस्थ आले, बोटात अंगठ्या, गळ्यात चेन, गाडी बोळाच्या तोंडाशी लावलेली आणि ड्रायव्हर हॉर्न मारतोय. त्यांच्या आधी गगनबावड्याकडचं एक शेतकरी जोडपं येऊन बसलं होतं, गावाकडं लग्न होतं म्हणून चप्पल घ्यायला आलेलं. त्या भाऊंच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या आणि पायाला लाल माती, ते पाय पुठ्ठ्यावर ठेवायलाच तयार होईनात, म्हणत होते 'राहू द्या, नुसता नंबर बघून द्या, आठ हाय माझा'. गृहस्थांनी आल्या आल्या पाच जोड्या काढायला सांगितल्या, घाईत आहे म्हणाले. काका उठले, त्यांना नमस्कार केला, म्हणाले 'साहेब बसा, पाणी घ्या, ह्या पाव्हण्यांचं माप चाललंय, दहा मिनिटात तुमचंच बघतो'. आणि परत खाली बसले. शेजारचा नॅपकिन घेतला, भाऊंचा पाय धरला, माती पुसली, टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश, आणि पुठ्ठ्यावर ठेवला. भाऊ अवघडले, पाय ओढून घ्यायला लागले, 'अहो काय करताय'. काका म्हणाले 'नवीन कातड्याला धुळीचा डाग बसतो ओ, निघत न्हाई'. एवढंच. मग रेघ मारली, विचारलं चालताना भार टाचेवर पडतो की चवड्यावर, शेतात काय घालता, भेगांना काय लावता. भाऊ हळूहळू बोलायला लागले, बायकोपण बोलायला लागली, आणि ज्या माणसाला स्वतःचा पाय दाखवायची लाज वाटत होती तो दहा मिनिटात ऊस किती लावलाय ते सांगायला लागला.

अंगठीवाले गृहस्थ थांबले. थोडे कुरकुरले पण थांबले, पाणी प्यायले, आणि त्यांच्या पाचही जोड्यांचं माप काकांनी तितक्याच शांतपणे घेतलं. त्यांचाही पाय पुसला. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडं गरिबाला मान द्यायचा म्हणजे श्रीमंताला टोमणा मारायचा असं काहीतरी होऊन बसतं, तसं काही त्या दुकानात झालं नाही.

मला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला. संडे स्कूलमध्ये पाठ केला होता पण त्या दिवशी तो समोर घडताना बघितला. याकोब लिहितो की तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला झकपक कपड्यातला माणूस आला, आणि मळक्या कपड्यातला गरीबही आला, आणि तुम्ही पहिल्याला म्हणालात इथं चांगल्या जागेवर बसा आणि दुसऱ्याला म्हणालात तू तिथं उभा रहा नाहीतर माझ्या पायाशी खाली बस, तर तुम्ही आपसांत भेद केलात. बघा, याकोब हे बाजाराबद्दल नाही लिहीत, तो मंडळीबद्दल लिहितोय, उपासनेला जमलेल्या लोकांबद्दल. म्हणजे पहिल्या शतकातपण हा रोग मंडळीत होताच. आणि आज? पुढच्या रांगेत सोफे कोणासाठी ठेवतात, कुणाला हार घालतात, आणि मागच्या बाकावर झाडूकाम करणारी मावशी येऊन बसली तर तिला 'सलाम' कोण करतो, हे ज्यानं त्यानं आपल्या मंडळीत बघावं. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. वचन आपल्याकडं आहे आणि ते पाळलं जातंय एका बोळातल्या चपलेच्या दुकानात.

पाय पुसण्याचं तर मी वेगळं सांगायला नको. दरवर्षी पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) आपण योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचतो. येशू जेवणावरून उठतो, बाहेरचं वस्त्र काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळात रस्ते धुळीचे, पायात साधी पायताणं, पाय धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या चाकराचं काम, आणि ते गुरू करतोय म्हणून त्याचा शिष्य पेत्र 'माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस' म्हणतो, अगदी त्या गगनबावड्याच्या भाऊंसारखाच अवघडतो. काही मंडळ्यांमध्ये त्या दिवशी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, पण ते बारा जण घरून पाय स्वच्छ धुऊन आलेले असतात. मी टीका म्हणून नाही सांगत, विधीला विधीचं महत्त्व आहे. पण ह्या अध्यायात एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो, ती म्हणजे त्या वेळी यहूदा हा शिष्य अजून तिथंच बसलेला होता. तो बाहेर जातो ते नंतर. म्हणजे थोड्या वेळात जो पकडून देणार आहे त्याचेही पाय धुतले गेले, आणि येशूला ते माहीत होतं. सौजन्य म्हणजे चांगल्याशी चांगलं वागणं एवढंच असतं तर त्याला ख्रिस्ती म्हणायची गरजच नव्हती, आपल्या भाऊबंदांनाच सलाम करत असाल तर त्यात विशेष ते काय, हे प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात स्वतःच विचारलंय.

काकांनी मात्र ह्यातलं काही बोलून दाखवलं नाही. डागाचंच कारण सांगितलं. काकूंना मी नंतर विचारलं की काका असेच आहेत का पहिल्यापासून, तर त्या म्हणाल्या 'न्हाई ओ, तरुणपणी लई तापट. सासरे सांगायचे की गिऱ्हाईकाचा पाय हातात घेतलास की तोंडातला शब्द सांभाळ, तेव्हापासून शिकले'. म्हणजे हे जन्मजात काही नसतं, सवयीनं आणि प्रार्थनेनं येतं, आणि मला ते ऐकून जास्त आदर वाटला.

भाव करत नाहीत. फिक्स रेट. ह्यावर खूप जण नाराज होतात, कोल्हापुरात चप्पल घ्यायची आणि घासाघीस करायची नाही म्हणजे काय मजा. मी पण काकांना विचारलं. ते म्हणाले 'ताई, भाव करायला लावला की ज्याला बोलता येतं त्याला स्वस्त पडतं आणि जो लाजतो त्याला महाग, मग लाजणाऱ्याकडून जास्त घेतल्यासारखं झालं की'. मी ह्यावर घरी येऊन खूप विचार केला. इंग्लंडात 17 व्या शतकात क्वेकर नावाचे ख्रिस्ती लोक होते, त्यांनीपण दुकानात एकच भाव ठेवायची पद्धत धरली होती, आधी जास्त सांगायचं आणि मग उतरायचं हे त्यांना खोटं बोलणं वाटायचं, बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही असावं ह्या वचनावरून. सुरुवातीला लोक बिचकले, मग कळलं की लहान पोराला पाठवलं तरी तोच भाव मिळतो, आणि त्यांची दुकानं चालायला लागली. हेच क्वेकर मोठ्या सरदारापुढं टोपी काढायचे नाहीत, लोकांना वाटायचं उद्धट आहेत. पण त्यांचं म्हणणं की देवापुढं टोपी काढतो, माणसामाणसात फरक करायला काढणार नाही. काकांनी क्वेकरांचं नावही ऐकलेलं नसणार. पण सगळ्यांना एक भाव आणि सगळ्यांसाठी उठून उभं राहणं, हे मला एकाच मुळातून आलेलं वाटतं.

पप्पांचा किस्सा सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. पप्पा आयुष्यभर कोल्हापुरीच घालत आलेत, रिटायर होईपर्यंत ऑफिसला पण. आता त्यांना शुगर आहे. मी त्यांना नवीन जोडी घ्यायला घेऊन गेले. आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो, नाव घेत नाही, तिथला पोरगा पप्पांकडं बघतच नव्हता, सगळं मला विचारत होता, 'काकांना कसली पाहिजे', 'काकांचा नंबर किती', आणि पप्पांनी एक जोडी उचलली तर 'ते महागातलं आहे' म्हणाला. पप्पा काही बोलले नाहीत, बाहेर आले. म्हातारी माणसं अशा वेळी बोलत नाहीत, गप्प होतात, आणि घरी आल्यावर म्हणतात जुनीच बरी आहे.

इथं आलो. काका उठले, 'या साहेब' म्हणाले, आणि माझ्याकडं एकदाही न बघता पप्पांनाच विचारायला लागले. पाय पुठ्ठ्यावर घेतला, रेघ मारली, मग अंगठ्याच्या शेजारी एक काळपट डाग होता त्याच्याकडं बघत राहिले. दुकानात आणखी दोन बायका होत्या. काकांनी आवाज बारीक केला आणि विचारलं 'साहेब, शुगर हाय काय?' पप्पांनी मान हलवली. 'मग हे लागलेलं दुखतं का?' पप्पा म्हणाले नाही, लागलेलं कळलंच नाही. काका म्हणाले 'तेच वाईट साहेब. शुगरवाल्याला चप्पल चावलेली कळत न्हाई, आणि जखम भरत न्हाई. अंगठ्याची कापशी मी तुम्हाला देणार न्हाई, रागावू नका. डॉक्टरला हा डाग दाखवा आधी.' मग स्टुलाखालून एक जोडी काढली, अंगठा नसलेली, रुंद पट्ट्याची, आतून मऊ अस्तर लावलेली, म्हणाले डॉक्टर हो म्हणाले तरच ही घ्या, मी बाजूला ठेवतो, पैसे आत्ता नकोत. आणि रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, दिसत नसतील तर घरच्यांना बघायला सांगायचं.

पप्पा चिडले होते हे मला कळत होतं, आयुष्यभराची सवय अशी एका मिनिटात कुणी काढून घेतलेली आवडत नाही कुणाला. पण ते काकांवर चिडू शकले नाहीत कारण काकांनी त्यांना लहान मुलासारखं वागवलं नव्हतं, मोठ्या माणसाला मोठ्या माणसानं सांगावं तसं सांगितलं होतं, चारचौघात नाही, हळू, आणि निर्णय त्यांच्याच हातात ठेवून. बायबलच्या लेवीय पुस्तकात आज्ञा आहे की पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभं रहावं, वृद्धाला मान द्यावा. पूर्वी मला वाटायचं की हे नुसतं उभं राहण्याबद्दल आहे. पण पप्पांना जे मिळालं ते असं की कुणीतरी त्यांच्याशी बोललं, त्यांच्याबद्दल नाही. घरात सुद्धा आपण किती वेळा आई-वडिलांसमोर बसून त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलतो. आणि एक दुकानदार हातातली विक्री सोडून खरं सांगतो, हे गोड बोलण्यापेक्षा कितीतरी मोठं सौजन्य आहे. गोड बोलणारे लाईनीत भरपूर आहेत. डॉक्टरांनी डागावर इलाज केला, आठ-दहा दिवसांनी ती पट्ट्याची जोडी घेतली, आता पप्पा तीच घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काकांचं सांगतात.

कारागीर मामांबद्दल. मामा सुभाषनगरकडून येतात, काकांपेक्षा वयानं मोठे. काका त्यांना 'मामा' आणि 'अहो' करतात, चहा आधी मामांना मग काकांना. जोडी गिऱ्हाईकाच्या हातात देताना काका दरवेळी म्हणतात 'ही मामांनी केलीय'. दरवेळी. छोटी गोष्ट आहे पण ज्या शहराची चप्पल जगभर जाते तिथं चप्पल करणाऱ्याचं नाव कोण घेतो? 2019 ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. आणि जून 2025 मध्ये मिलानला प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये अगदी आपल्यासारखीच चप्पल आली आणि कोल्हापूरचं नावच नव्हतं, केवढा गदारोळ झाला, मग त्यांनी मान्य केलं की भारतातल्या पारंपरिक पायताणांवरूनच हे सुचलंय. तेव्हा आपण सगळे तावातावानं बोललो. बोलायलाच पाहिजे होतं. पण आपल्याच लाईनीत मोबाईलवर बोलत बोलत कारागिराकडं पाय पुढं करणारे आणि 'ए, ह्याला जरा ठोक' म्हणणारे कमी नाहीत.

तसाच एक तरुण माझ्यासमोर आला होता. मामांना 'ए म्हाताऱ्या, किती वेळ' म्हणाला. काका काऊंटरच्या पलीकडून आले, आवाज चढवला नाही, म्हणाले 'दादा, चप्पल तुम्हाला मिळंल, पण मामांशी नीट बोला. वयानं मोठे हाईत आणि तुमचीच चप्पल करत्यात'. तो म्हणाला मी पैसे देतोय. काका म्हणाले 'पैसे चपलेचे, मामांचे न्हाईत'. पोरगा दोन मिनिटं तिथंच उभा राहिला, मग 'सॉरी मामा' म्हणाला. मामांनी हसून 'बस की लेकरा' म्हटलं आणि काम चालू ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्याकडं काही जणांना वाटतं ख्रिस्ती नम्रता म्हणजे कुणी काही बोललं तरी मान खाली घालायची. प्रभूला महायाजकाच्या पुढं शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा प्रभूनं उलट हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही, म्हणाला मी वाईट बोललो असेन तर सांग काय वाईट ते, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. समोरच्याचा अपमान न करता त्याला त्याची चूक दाखवणं, हे मला सगळ्यात अवघड सौजन्य वाटतं, आणि काकांना ते जमतं.

ह्या बाबतीत आपल्या कोल्हापूरला परंपरा पण आहे. शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या 'सत्यसुधारक' हॉटेलात मुद्दाम गाडी थांबवून चहा प्यायचे, भाऊसिंगजी रोडवर, सगळ्या दरबारी लोकांच्या देखत, कारण अस्पृश्य म्हणून त्यांच्या हातचा चहा कुणी प्यायला तयार नव्हतं. महाराज ख्रिस्ती नव्हते, पण काकांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघताना मला तेच आठवलं. त्यावर पेत्राचं वचन आहे, सर्वांना मान द्या म्हणून सुरू होतं आणि राजाचा मान राखा म्हणून संपतं. आधी सगळे, राजा शेवटी. आमची आजी सांगायची की मिशनच्या काळात, म्हणजे 1852 ला अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले त्याच्यानंतरच्या पिढ्यांमध्ये, लोकांना प्रवचनापेक्षा जास्त हे लागलं की एका जाजमावर सगळे बसतात. त्याची आठवण ठेवणारे आता किती राहिले माहीत नाही.

कोल्हापुरी बोलणं रांगडं असतं, पुण्याच्या माणसाला पहिल्यांदा ऐकून भांडण चाललंय असं वाटतं. काकापण 'अरे बस की भावा' असंच बोलतात, 'कृपया' वगैरे त्यांच्या तोंडात नाही. त्यामुळं कुणी तिथं जाऊन फाईव्ह स्टार हॉटेलसारखी 'सर, मॅडम' ची सर्व्हिस शोधू नये. इथं तुम्हाला पाणी स्टीलच्या तांब्यातून मिळेल, पण आल्या आल्या मिळेल, आणि काही घेतलं नाही तरी जाताना काका दारापर्यंत येतील.

तक्रारी पण सांगते. गर्दीच्या दिवशी खूप वेळ लागतो, एकेकाचं माप एवढं निवांत चालतं की ट्रेन-बस गाठायची असेल तर जाऊ नका. बायकांच्या रंगीत, आरसे-मणी लावलेल्या डिझाईन्स फार कमी, कॉलेजच्या मुलींना आवडणार नाही. माप देऊन ऑर्डर केली तर सांगितलेल्या तारखेपेक्षा चार-पाच दिवस उशीर धरूनच चाला, मामा एकटे किती करणार, पण मग तारीखच पुढची द्यावी असं मला वाटतं कारण दिलेली वेळ पाळणं हापण समोरच्याचा मानच आहे, आणि हे मी काकूंना सांगितलंय, त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहूनही घेतलं. फोन उचलत नाहीत. समोर गिऱ्हाईक असताना फोन घ्यायचा नाही असा काकांचा नियम आहे, दुकानात बसलेल्याला बरं वाटतं, बाहेरगावाहून फोन करणाऱ्याला नाही, तर काकूंच्या नंबरवर मेसेज टाकून ठेवा, रात्री उत्तर येतं. पार्किंग नाही, बिंदू चौकात गाडी लावून चालत या.

रविवारी दुकान पूर्ण बंद. दर्शनाला येणारे बहुतेक रविवारीच येतात, म्हणजे सगळ्यात मोठ्या धंद्याचा दिवस, तरी बंद, मामांनापण सुट्टी आणि त्या दिवसाचा पगार चालू. जीपे चालतं. पावसाळ्यात कोल्हापुरी घेऊ नका, घेतलीच तर दिवाळीपर्यंत कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आणि माप द्यायचं असेल तर संध्याकाळी चारनंतर जा, दिवसभर चालून पाय जरा फुगलेले असतात, सकाळी घेतलेल्या मापाची चप्पल संध्याकाळी आवळते.